कागदावरची जास्वंद प्लॅस्टिकची का दिसते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गच्चीवरच्या कुंड्यांतील जास्वंद, तगर, झेंडू ही फुले आपण दोन वर्षांपासून जलरंगात रंगवीत आहात. पाकळ्यांचा आकार बरोबर येतो, रंगही जवळपास जुळतो. तरीही फूल प्लॅस्टिकचे वाटते, सावली द्यायला जावे तर लाल रंग मळकट होतो, पांढरी फुले कागदावर दिसतच नाहीत आणि चित्र पुरे होण्याआधी फूल मान टाकते. फुलामागे काय रंगवावे, असेही आपण शेवटी विचारले आहे. मी पंचवीसहून अधिक वर्षे फुलांची चित्रे काढते आणि शिकवते, आणि या तक्रारी जवळजवळ याच क्रमाने प्रत्येक वर्गात माझ्यासमोर आल्या आहेत. त्यांपैकी पहिली तक्रार मुळाची आहे, बाकीच्या सवयीने आणि थोड्या माहितीने सुटतात. म्हणून पहिलीवरच जास्त लिहिते.

फूल प्लॅस्टिकचे दिसते तेव्हा आपण रंगाला दोष देतो. दोष बहुधा रेखाटनात असतो. लहानपणी आपण सर्वांनी मध्ये एक गोल आणि भोवती पाच पाकळ्या असे फूल गिरवलेले असते, आणि मोठेपणी हात सुधारला तरी डोळा त्याच गोलापासून सुरुवात करतो. आपण पाकळीची कड काढतो, मग शेजारच्या पाकळीची, मग तिसरीची, आणि शेवटी उरलेल्या जागेत देठ खुपसतो. झाडावर मात्र क्रम याच्या उलट असतो. फूल देठावर उभे असते. देठातून वर आलेली एक रेषा फुलाच्या पोटातून जाते आणि केसराच्या टोकाशी बाहेर पडते. पाकळ्या त्या रेषेभोवती धरलेल्या असतात. ही रेषा, म्हणजे फुलाचा कणा, कागदावर सर्वांत आधी आली पाहिजे. तो कणा चुकला तर पाकळ्या कितीही नाजूक काढल्या तरी फूल देठावर चिकटवलेले दिसते, आणि प्लॅस्टिकचे फूल नेमके तसेच असते.

जास्वंदीवर हे करून पाहू, कारण ती आपल्याकडे आहे आणि तिची रचना डोळ्यांना मोठी दिसते. एकेरी तांबडी जास्वंद घ्या. डबल पाकळ्यांची सध्या बाजूला ठेवा. फूल खालून पाहा. देठाच्या टोकाशी पाच टोकांची हिरवी वाटी आहे, आणि त्या वाटीच्याही खाली सहा-सात अरुंद हिरव्या पट्ट्यांचे एक कडे आहे. बहुतेक चित्रांत हे कडे नसतेच. आता समोरून पाहा. मध्यभागी जो लांब दांडा बाहेर आला आहे त्याचा खालचा भाग उघडा आणि गुळगुळीत आहे, वरच्या भागावर चहूबाजूंनी बारीक धागे फुटले आहेत, प्रत्येक धाग्याच्या टोकाला पिवळा परागकोश बसला आहे, आणि दांड्याच्या अगदी शेंड्याला पाच छोट्या तांबड्या मखमली गाद्या आहेत. हा दांडा वाटीच्या बरोबर मध्यातून निघतो. तेव्हा देठ, वाटी आणि दांडा यांतून जाणारी एकच सलग रेषा पेन्सिलीने हलकेच ओढा. ती क्वचितच अगदी सरळ असते. देठ जरासा झुकतो आणि दांडा पुन्हा उजेडाकडे उचलला जातो. त्या वाकण्यातच फुलाची ठेवण आहे.

त्यानंतर या कण्यावर दोन लंबवर्तुळे काढा. एक लहान, जिथे पाकळ्या वाटीतून बाहेर पडतात तिथे. दुसरे मोठे, जे पाकळ्यांच्या टोकांना स्पर्श करील असे. ताट तिरके धरले की त्याची गोल कड जशी लांबट दिसते, तशीच फुलाची तोंडाकडची कड लांबट दिसते. आपल्याकडे वळलेली पाकळी या कारणाने आखूड होते, आणि नवशिक्या चित्रकाराला तिची खरी लांबी माहीत असल्यामुळे तो ती लांबच काढतो. इथे माहितीपेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवावा लागतो. पेन्सिल हातभर अंतरावर धरून प्रत्येक पाकळीची दिसणारी लांबी मोजा. संकोच करू नका, मी आजही मोजते.

आता पाकळ्यांची गुंफण. जास्वंदीची प्रत्येक पाकळी एका बाजूने शेजारणीला झाकते आणि दुसऱ्या बाजूने स्वतः झाकली जाते; कागदी भिरभिऱ्यासारखी पाचही पाकळ्यांची एकच दिशा असते. एकीची जरी दिशा उलटली तरी पाहणाऱ्याला कारण न कळता फूल खोटे वाटते. गंमत अशी की जास्वंदीच्या एकाच झाडावर काही फुले उजवीकडे गुंफलेली तर काही डावीकडे गुंफलेली सापडतात, त्यामुळे काल काढलेल्या फुलाच्या आठवणीवर आज विसंबता येत नाही. तगरीचे तसे नसते; तिची सगळी फुले एकाच दिशेला फिरलेली असतात. पांढऱ्या चाफ्याचेही तसेच. हे एकदा लक्षात आले की आपण फूल पाहण्याच्या पद्धतीतच फरक पडतो.

पाकळ्या जिथे एकमेकींवर येतात ती जागा रंगाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पाकळी पातळ असते. तिच्यावर पडलेल्या उजेडाचा काही भाग परत फिरतो आणि काही भाग आरपार जातो. म्हणूनच सकाळी ऊन मागून येत असताना जास्वंद आतून पेटल्यासारखी दिसते. जिथे दोन पाकळ्या एकावर एक आहेत तिथून उजेड कमी आरपार येतो, आणि एक गडद पट्टा दिसतो. त्या पट्ट्याची एक कड धारदार आणि दुसरी विरघळलेली असते. हा पट्टा चित्रात आला की पाकळी पातळ आहे हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. तो नसेल आणि सर्व पाकळ्यांना सारखीच कडक कड असेल, तर पत्र्यातून कापलेले फूल तयार होते. प्रत्येक फुलात निदान एक कड पार्श्वभूमीत हरवू द्या. कोणती, हे ऊन सांगते: जिथे सर्वांत जास्त उजेड आहे तिथली.

लाल रंग मळकट होण्याची कारणे दोन आहेत, आणि दोन्ही आपल्या पॅलेटवरच असतात. पहिले म्हणजे सावलीसाठी लालमध्ये काळा मिसळणे. दुसरे म्हणजे ओल्या रंगावर ब्रश पुन्हा पुन्हा फिरवणे. लाल फुलाची सावली काळी नसते. ती खोल, थंडावलेली लाल असते. मी जास्वंद साधारण अशी रंगवते. उजेड आरपार येणाऱ्या भागावर आधी गॅम्बोज या पिवळ्याचा किंवा पातळ नारिंगी रंगाचा एक वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेला थर, देते. तो ओलसर असतानाच पाकळीच्या टोकाकडून व्हर्मिलियन किंवा स्कार्लेट हा नारिंगीकडे झुकणारा लाल सोडते आणि त्याला आपणहून खाली उतरू देते. मग पूर्ण वाळू देते. हाताची मागची बाजू कागदाला लावून गारवा लागला तर कागद अजून ओला आहे असे समजावे, दिसायला कोरडा असला तरी. त्यानंतर सावलीच्या भागावर गुलाबीकडे झुकणारा लाल, म्हणजे परमनंट रोज, पातळ करून एका हाताने, म्हणजे एकदाच, ओढते. फुलाच्या घशातला जो अगदी गडद भाग आहे तिथे त्याच रोजमध्ये अल्ट्रामरीन निळ्याचा थेंब घालते. शिरा शेवटी: बारीक राउंड ब्रश घशातून बाहेरच्या दिशेने ओढायचा आणि कडेला पोचण्याआधी उचलायचा. शिरा कडेपर्यंत नेल्या तर पाकळी वाळक्या पानासारखी होते. एका थरात दोन, फार तर तीन रंगद्रव्ये. चौथे आले की मळ आलाच.

झेंडूत हीच अडचण दुसऱ्या वेशात येते. पिवळ्यात काळा घातला तर तो गडद पिवळा होत नाही, शेवाळी हिरवा होतो. पिवळ्या झेंडूची सावली नारिंगीकडे आणि मग बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरीकडे न्यावी, आणि सर्वांत खोल खाचेत जांभळ्याचा एक हलका स्पर्श द्यावा. झेंडूच्या पाकळ्या मोजून काढण्याच्या फंदात पडू नका. ते एक फूल नसून शेकडो बारीक फुलांचा गेंद आहे, म्हणून आधी तो चेंडू म्हणून रंगवा: एक बाजू उजेडाची, एक सावलीची. मग उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यातच पाकळ्यांच्या चुण्या स्पष्ट करा. बाकीचे डोळा भरून काढतो.

पांढऱ्या फुलांविषयी. तगर, मोगरा, अनंत यांचा पांढरा रंग ट्यूबमधून येत नाही, तो कागदाचाच असतो. आपली फुले दिसत नाहीत कारण आपण फूल रंगवता आणि त्यामागची पाने सोडून देता. इथे आधी पाने रंगवायची असतात. फुलामागच्या गडद पानांनी फुलाची कड कोरली की पांढरे आपोआप उजळते. आतली सावली अतिशय पातळ द्यावी, आणि ती कोणत्या रंगाची आहे हे गृहीत न धरता पाहावे. उघड्या आभाळाखाली ती निळसर असते, विटांच्या भिंतीशेजारी तीच तांबूस होते, आणि पानांच्या दाटीत हिरवट. मोगऱ्याच्या कळीच्या बुडाशी हिरवट पिवळा असतो; अनंताचे फूल झाडावरच शिळे होताना दुधी आणि मग पिवळसर होत जाते, त्यामुळे ताजे आणि कालचे अनंत शेजारी रंगवणे हा पांढऱ्याचा उत्तम अभ्यास आहे. पहिल्या दिवशी पांढऱ्या कागदाचा एक तुकडा फुलामागे धरून पाहा. ज्याला आपण पांढरे म्हणत होतो ते फूल कागदापुढे किती रंगीत आहे, हे तेव्हा कळते.

फूल कोमेजण्यावर उपाय म्हणजे फुलाचे वेळापत्रक पाळणे. जास्वंद सकाळी उमलते आणि बहुधा त्याच संध्याकाळी मिटते; तिच्यासाठी आपल्याकडे एक दिवस आहे. पारिजातक रात्री फुलतो आणि पहाटे खाली सांडतो, म्हणून तो झाडावर नव्हे, तर जमिनीवर पडलेला, केशरी देठ वर करून रंगवणे जास्त खरे. गुलबक्षी दुपार कलल्यावर उघडते. ज्याला घरोघरी ऑफिस टाइम म्हणतात ते चिनी गुलाबाचे रोप ऊन चढल्यावर उमलते आणि दुपारनंतर मिटू लागते. यावरून कामाचा क्रम ठरतो. फूल आधी, पाने नंतर. पाने उद्याही तशीच असतील. पहिल्या पंधरा मिनिटांत सावल्यांच्या सीमा पेन्सिलीने नोंदवून टाका आणि नंतर ऊन सरकले तरी त्या बदलू नका. दोन तासांत सूर्य इतका पुढे जातो की सकाळची उजवी सावली आणि दुपारची डावी सावली एकाच फुलावर येऊन बसतात, आणि चित्रात नेमके काय चुकले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. कागदाच्या कडेला रंगांच्या चौकटी करून ठेवा, आणि गळून पडलेली एक पाकळी त्या चौकटीशेजारी प्रत्यक्ष ठेवून रंग जुळवा. फूल गेले तरी या चौकटी राहतात.

मोबाइलने फोटो जरूर काढा, पण तो आकाराच्या आठवणीसाठी. तांबड्या जास्वंदीचा भर उन्हातला फोटो पाहिलात तर पाकळीवर लाल रंगाचा एकच सपाट डाग दिसेल, कारण कॅमेऱ्यात लाल रंगाची नोंद सर्वांत आधी भरून वाहते आणि आतल्या छटा पुसल्या जातात. त्या फोटोवरून रंगवलेले फूल पुन्हा प्लॅस्टिकचेच होते. फोटो घ्यायचाच तर सावलीत घ्यावा.

साहित्याविषयी थोडेच लिहिते. कागद शक्यतो कापसाचा आणि ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, घ्या. रंग कमी वापरा, पण कागदावर काटकसर करू नका, कारण स्वस्त कागदावर दुसरा थर पहिल्याला उखडून काढतो आणि दोष आपल्या हाताला लागतो. बारीक तपशिलाच्या फुलांना गुळगुळीत, हॉट प्रेस कागद बरा. ब्रश दोन पुरेत: टोक नीट मिळणारा आठ नंबरचा आणि एक तीन नंबरचा. ज्या ब्रशचे टोक पाण्यात बुडवल्यावर एकवटत नाही तो फुलांच्या कामाचा नाही. हवामानाचाही विचार करा. मे महिन्यात गच्चीवर वॉश पूर्ण पसरण्याआधी वाळतो आणि कडक कडा सोडतो. तेव्हा कागद आधी मागून ओलसर करून घ्यावा आणि पहाटे काम करावे. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत उलट होते: थर वाळता वाळत नाही, आणि कपाटातल्या कागदाची खळ दमटपणाने बिघडते, मग रंग शाईचोख कागदावर पडल्यासारखा डागाडागाने शोषला जातो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावेत.

रंग टिकण्याची गोष्ट मात्र विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती मी नुकसान सोसून शिकले. बोगनवेलीचा झगझगीत गुलाबी कोणत्याही साध्या रंगाने साधेना, म्हणून मी एकदा चमकणारा गुलाबी वापरला. चित्र सुंदर झाले, एका घरी खिडकीसमोरच्या भिंतीवर लागले, आणि काही वर्षांनी मी तिथे गेले तेव्हा पाने जशीच्या तशी होती, बोगनवेल मात्र फिक्या निळसर राखी रंगाची झाली होती. गुलाबी उडून गेला होता आणि त्यात मिसळलेला थोडा अल्ट्रामरीन तेवढा मागे उरला होता. ते चित्र मी परत मागून घेतले आणि आजही वर्गात दाखवते. फुलांचे रंग ज्या भागात सर्वांत मोहक असतात, म्हणजे गुलाबी, किरमिजी, जांभळा, त्याच भागातले कित्येक रंग उन्हात उडतात. जुना अलिझरिन क्रिमसन, ज्याचा सांकेतिक क्रमांक पीआर ८३ असतो, तो असाच. त्याऐवजी पीव्ही १९ लिहिलेला परमनंट रोज घ्यावा. चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा हा क्रमांक आणि टिकाऊपणाची खूण छापलेली असते. जिथे ती नाही तो रंग सरावाच्या वहीत वापरावा, दुसऱ्याच्या भिंतीवर जाणाऱ्या चित्रात नव्हे. बोगनवेलीविषयी आणखी एक. आपण ज्यांना तिच्या पाकळ्या म्हणतो ती रंगीत पाने आहेत, तीन-तीनच्या झुपक्यात. खरे फूल म्हणजे त्यांच्या मध्ये असलेली दुधी रंगाची बारीक नळी. म्हणून त्यांवर पानासारखी मधली शीर आणि फाटे येतात, आणि ते दाखवले की बोगनवेल लगेच ओळखू येते.

राहिली पार्श्वभूमी. माझे स्पष्ट मत असे की पहिले वर्षभर ती रंगवूच नये. पुण्याजवळ दापोडीला एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती उद्यान होते. तिथले प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात उद्यानातील झाडांची चित्रे एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून करवून घेतली. चित्रकाराचे नाव नोंदलेले नाही. चित्रे आज एडिंबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. त्यांच्या छापील प्रती मिळाल्या तर अवश्य पाहा. मागे आभाळ नाही, कुंडी नाही, कोरा कागद आहे, आणि त्यामुळे फांदी कुठून वळते, पान कुठे जोडले आहे, यांपैकी काहीच लपवता येत नाही. पूर्वी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटची तयारी करणाऱ्या मुलांसमोर शिक्षक कर्दळीची किंवा जास्वंदीची फांदी ठेवत, त्यामागेही हाच विचार होता. धुरकट हिरवी पार्श्वभूमी चुकलेल्या देठाला आसरा देते, म्हणूनच ती शिकणाऱ्याच्या हिताची नाही. पांढऱ्या फुलामागे मी पाने रंगवायला सांगितली ती पार्श्वभूमी नव्हे. ती त्याच झाडाची, त्याच फांदीवरची पाने आहेत, आणि तीही फुलाइतक्याच काळजीने पाहून काढायची आहेत. जास्वंदीच्या पानावर आभाळाची फिकट निळी चमक असते; ती जागा आधी निळसर पाण्याने भिजवून सोडा आणि हिरवा तिच्या कडेने न्या, म्हणजे पान ओले, ताजे दिसते.

तेव्हा पुढचे दोन आठवडे असे करून पाहा. रंग बाहेर काढू नका. रोज सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास गच्चीवर एकच जास्वंद निवडा, आणि वहीच्या एका पानावर तिचे फक्त तीन भाग काढा: देठापासून केसराच्या टोकापर्यंतची रेषा, दोन लंबवर्तुळे आणि पाकळ्यांच्या गुंफणीची दिशा दाखवणारा एक बाण. एका फुलाला दहा मिनिटे पुरतात. एके दिवशी खालून काढा, एके दिवशी अगदी बाजूने, एके दिवशी मिटत आलेले संध्याकाळचे. चौदा पाने भरली की पंधराव्या दिवशी तगरीच्या फांदीने रंगाला सुरुवात करा. ती पाचच पाकळ्यांची आहे, तिची दिशा बदलत नाही, आणि तिच्यासाठी आपल्याला फक्त हिरवा लागेल.